बोटाएवढी जागा

चकतीच्या डाव्या कडेला एक लंबगोल जागा शाबूत होती. लांबी अकरा मिलिमीटर, रुंदी आठ. भिंगातून पाहिलं तर पॉलिश करताना पडलेले बारीक, समांतर ओरखडे तिथे अजून दिसत होते. चकती तळहाताएवढी, मॉलिब्डेनम या धातूची. तेवढी जागा सोडली तर तिचा सगळा पृष्ठभाग वितळून पुन्हा गोठला होता, आणि मे महिन्यात होटगीच्या तलावाचा तळ भेगाळतो तसा भेगाळला होता.

मला आधी वाटलं, फटका तिरपा बसला असावा. मग वाटलं, चकती बसवतानाच कुठेतरी झाकली गेली असावी. दोन्ही तपासून पाहिलं. तसं काही नव्हतं.

आमच्या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. रशियात आणि अमेरिकेत त्या वेळी कडबोळ्याच्या आकाराच्या पोकळ भांड्यात हायड्रोजन वायू जवळजवळ सूर्याच्या गाभ्याइतका तापवण्याचे प्रयत्न चालले होते. त्यातून पुढेमागे वीज मिळेल अशी आशा होती. इतक्या तापलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. त्याला भांड्याचा स्पर्श होऊ न देता चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवायचं. पण तो कधीकधी अचानक मोडतो. मोडला की त्यातली उष्णता सेकंदाच्या हजाराव्या भागात भिंतीवर आदळते. भिंत वितळते, तडकते. लहान यंत्रात हे चालून जातं. उद्या वीजघराएवढं यंत्र बांधलं तर त्याची भिंत अशा थोड्याच फटक्यांत जाईल.

सोलापुरात आम्ही सूर्य बांधत नव्हतो. आम्ही फक्त तो फटका तयार करत होतो. कॉलेजच्या मागे, पूर्वी प्राध्यापकांच्या सायकली ठेवत त्या खोलीत वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची एक रांग होती. ती हळूहळू भारायची, स्टीलच्या भांड्यातली हवा पंपाने काढून टाकायची, त्यात चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि सगळी वीज एकदम मोकळी करायची. धडाम् आवाज होई आणि प्लाझ्माचा लोट समोरच्या चकतीवर आपटे. आमचा शिपाई मायाप्पा याला ‘बार’ म्हणायचा. पुढे मीही तसंच म्हणू लागले.

यंत्र अहमदाबादच्या एका संस्थेचं होतं. निरनिराळ्या धातूंच्या चकत्यांना मार देऊन कोण किती सोसतं याचा तक्ता करायचा, एवढंच काम त्यांनी आम्हाला दिलं होतं. तक्ता पूर्ण झाला की यंत्र परत.

स्टील गेलं. निकेल गेलं. ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती ते टंगस्टनही तडकलं. उन्हाळ्यातच मला कळून चुकलं होतं की फटका वाढवत नेला तर प्रत्येक धातूची पाळी येणार आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काम संपलं असतं, यंत्र गेलं असतं, आणि मी पुन्हा एफ. वाय.च्या मुलांना लंबकाचा प्रयोग दाखवणारी हत्तुरेबाई झाले असते. म्हणून मी एकेक चकती बसवत होते, एकेक आकडा मांडत होते, आणि दर आठवड्याला स्वतःवर थोडी जास्त चिडत होते.

अशात ही शाबूत जागा दिसली.

“मायाप्पा, ही चकती बसवायच्या आधी तिच्यावर काही सांडलं होतं का?”

मायाप्पा सांगोल्याकडचा. गावी भावाकडे अजून मेंढरं होती. पन्नाशी उलटलेला, पंप चालू-बंद करण्यात वाकबगार आणि बोलण्यात त्याहून.

“काय सांडनार बाई? हितं पानी प्यायची बी चोरी.”

“मग ही एवढीच जागा कशी वाचली?”

त्याने भिंग डोळ्याला लावलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. “नशीब आसंल तिचं.”

“धातूला नशीब नसतं.”

“आमाला तरी कुटं हाय?” म्हणून तो पंपाकडे गेला.

मला शंका आली नाही असं नाही. खंडेनवमी नुकतीच झाली होती. त्या दिवशी सोलापुरात हातमागापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्या हत्यारांना सुट्टी असते; त्यांना धुऊन-पुसून हळदकुंकू वाहतात. आदल्या वर्षी आमच्या यंत्रालाही ते वाहिलं होतं. भांड्याच्या झाकणाखाली रबराचं कडं असतं, त्यावर कुंकू सांडलं. मग पंप रात्रंदिवस ओढत राहिला तरी भांड्यातली हवा काही निघेना. मी सहसा आवाज चढवत नाही. त्या वेळी चढवला. दारावर पाटीही लावली: ‘या खोलीत हळदकुंकू, फुले, नारळ आणू नये.’

यंदा खंडेनवमीला मी पुण्याला एका व्याख्यानाला गेले होते. परत आले तेव्हा खोली स्वच्छ होती, पाटी जागेवर होती. तरीही मी मायाप्पाला सरळ विचारलं, “तुम्ही हिला कुंकू लावलंत का?”

“बिरोबाची आन हाय बाई, म्या न्हाय लावलं.”

तो बिरोबाची खोटी शपथ घेणारा माणूस नव्हता. मी तो विचार सोडून दिला.

पुढचे कितीतरी आठवडे फुकट गेले. बोटाचा घाम असेल म्हणून घामाचा ठसा उमटवून पाहिला. साबणाचा थर, पंपाचं तेल, खडूची धूळ. दर वेळी भांडं उघडा, चकती बसवा, हवा काढा, कपॅसिटर भारा. आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. आणीबाणीमुळे कारकून आणि शिपाई वेळेवर येऊ लागले होते. वीज मात्र कुणाला जुमानत नव्हती. वीज गेली की पंप थांबे आणि त्यातलं तेल उलटं भांड्यात चढे. मग सगळं पुन्हा सॉल्व्हंटने पुसा. घाम काही वाचवत नव्हता. साबणही नाही. तेलाने थोडं वाचल्यासारखं वाटलं, पण डागाला आकार नव्हता. माझ्या बोटांना सॉल्व्हंटने भेगा पडल्या होत्या, आणि हाती एका चकतीवरच्या एका अडाणी डागाखेरीज काही नव्हतं.

एका शुक्रवारी सकाळी मी घरातून निघत होते. आई, सुंदरम्मा तिचं नाव, उंबऱ्याला हळदकुंकू लावत होती. करंगळीशेजारच्या बोटाने ती कुंकू टेकवायची आणि बोट किंचित वर ओढायची. उंबऱ्यावर लंबगोल उमटायचा.

मी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि खाली बसले.

“एन माडाकत्ती? काय करतेस?” आई म्हणाली. तिचं निम्मं बोलणं कानडीत असे. “उंबऱ्याला झंपर शिवतेस का काय?”

“अव्वा, हलू नकोस. बोट दाखव.”

“पस्तिशीला आली आणि आईचं बोट मोजतीय. कुणी बघितलं तर काय म्हणंल?”

लांबी अकराच्या आसपास होती. रुंदी आठ.

कॉलेजात पोचले तेव्हा मायाप्पा पंपाचं तेल बदलत होता. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

“मायाप्पा, मागे मी तुम्हाला चुकीचा प्रश्न विचारला. चकतीला कुंकू लावलं कुणी?”

त्याने तेलाचा डबा खाली ठेवला. “आत्ता इचारलंसा व्हय!”

“कुणी?”

“माजं नाव मदी यायला नगं.”

“खोलीची किल्ली तुमच्याकडे असते. नाव येणारच.”

“किल्ली माज्याकडं, पर हुकूम दुसऱ्याचा. सरांनी लावलं की! सोता. अंगुळ करून, सोवळ्यानं आल्ते. पाटी वाचली, हासले, म्हनले बाईंनी खोलीत आनू नगा म्हनलंय. मग मला चकती भाईर व्हरांड्यात आनाय लावली. आन तितं लावलं.”

“चकतीलाच का?”

“म्हनले, मार खानारी तर हीच की. यंत्राचं काय, ते मारतंय.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. “मग ते पुसलं कुणी?”

“म्या. धोतराच्या सोग्यानं. तुमचं लई भ्या वाटलं.”

“नीट पुसलंत?”

“लई नीट.”

“नीट पुसलं असतंत तर ही जागा राहिलीच नसती.”

हे त्याला शाबासकी म्हणून घ्यावं की बोलणी म्हणून, ते कळेना. मलाही कळत नव्हतं. एवढे आठवडे मी घामाचे ठसे उमटवत बसले होते आणि हा माणूस माझ्या शेजारी उभा राहून मला चकत्या पुसून देत होता.

सर म्हणजे ईश्वरप्पा सर, आमचे विभागप्रमुख. त्यांनी मला बी.एस्सी.ला शिकवलं होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, समोर चहाचा कप, आणि कोणत्याही मागणीवर एकच उत्तर: ‘बघू.’ यंत्रासाठी वेगळी वीजजोडणी मागितली, बघू. झाकणाचं रबरी कडं मागितलं, बघू. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नसे.

“हो, लावलं,” ते म्हणाले. “भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून खंडेनवमी सोडू की काय?”

“सोडा म्हणत नाही, सर. कुंकू ओलं होतं की कोरडं?”

“काय?”

“थर किती जाड होता त्याचा अंदाज करायचाय.”

त्यांनी माझ्याकडे बघत कप खाली ठेवला. “पाण्यात कालवलेलं होतं. बस आधी. काय झालंय ते सांग.”

मी सांगितलं. पुसूनही कुंकवाचा पातळ थर राहिला होता. प्लाझ्मा आला तेव्हा आधी तो थर जळला. त्याची वाफ चकतीच्या पुढ्यात ढगासारखी उभी राहिली आणि तिने मार स्वतःवर घेतला. घेतलेली उष्णता तिने प्रकाश म्हणून चहूबाजूंना फेकून दिली. एका जागी पडायचं ते सगळीकडे थोडंथोडं पडलं.

“म्हणजे भिंत कठीण करून उपयोग नाही, सर. भिंतीच्या पुढे काहीतरी जळायला ठेवलं पाहिजे.”

सर चांगले शिक्षक होते. त्यांना कळलं होतं.

“हे तू अहमदाबादला सांगणार?” त्यांनी विचारलं. “सोलापूरच्या कॉलेजात प्लाझ्मा कुंकवाने अडवला म्हणून? आणि कुंकू लावलं कुणी, तर विभागप्रमुखाने? अगं, जन्मभर हसतील. मला हसतील ते सोड, मी दोन वर्षांत घरी बसणार. तुला हसतील.”

“कुंकवाची जादू नाही त्यात. काजळीनेही व्हायला हवं.”

“मग काजळी म्हण. नाहीतर काहीच म्हणू नकोस. त्या चकतीची तेवढी कड कापून टाक. पुढच्या महिन्यात अहमदाबादहून धारवाडकर येताहेत काम बघायला. टँटलम राहिलंय, ग्राफाइट राहिलंय असं सांगू. दोन वर्षं मिळतील.”

“आणि त्यानंतर?”

“बघू.”

मी काजळी धरून पाहिली. आईच्या देवघरातल्या समईवर चकती धरली, निम्मी काळी केली, निम्मी तशीच ठेवली. वीज दोनदा गेली. एकदा कपॅसिटर पूर्ण भारलेले असताना गेली, तेव्हा मला यंत्राला लाथ मारावीशी वाटली. शेवटी एकदाचा बार झाला. काळी केलेली बाजू भिंगातून पाहिली तर खालचा धातू जवळजवळ जसाच्या तसा होता. उघडी बाजू भेगाळली होती.

मग त्याच चकतीवर दुसरा बार केला. काजळी पहिल्याच फटक्यात जळून गेली होती. आता दोन्ही बाजू सारख्याच भेगाळल्या.

म्हणजे उत्तर मिळालं आणि नाहीही मिळालं. थर एकदाच पुरतो. खऱ्या यंत्रात भिंतीला रोज काजळी कोण धरणार? प्लाझ्मा मोडतोय असं दिसताक्षणी पुढ्यात काहीतरी फेकता आलं पाहिजे, बहुधा एखादा जड वायू, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागात. तेवढ्या वेगाने उघडणारी झडप माझ्याकडे नव्हती. सोलापुरात ती कुणी बनवून दिली नसती, आणि धातूंच्या तक्त्याच्या प्रकल्पात ती मागायलाही जागा नव्हती.

धारवाडकरांसाठी चकत्या टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर नंबराची कागदी चिठ्ठी चिकटवायची होती. मॉलिब्डेनमच्या चकतीची चिठ्ठी मी डाव्या कडेला चिकटवली, बरोबर त्या जागेवर. कापली नाही, झाकली. सरांचं मन राखलं आणि खोटंही बोलले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती तासभरही टिकली नाही. पण चिठ्ठी काढायचीही हिंमत झाली नाही.

डॉ. धारवाडकर सकाळी आले. उंच, झटपट बोलणारे, स्वतःची बॅग स्वतः उचलणारे. त्यांनी यंत्र पाहिलं, दारावरची पाटी वाचून हसले, मायाप्पाला “पंप चांगला ठेवलाय हं” म्हणाले. मायाप्पाने शेंगाचटणी-भाकरी आणू का, असं विचारलं. चहा पुरे, ते म्हणाले.

मग ते टेबलाशी बसले आणि तक्ता वाचू लागले. मध्येमध्ये बारीक प्रश्न विचारत होते, आणि मी उत्तरं देत होते. प्रश्न चांगले होते. इतक्या दिवसांत मला कुणी चांगला प्रश्न विचारला नव्हता, हे तेव्हा जाणवलं.

“फार नेटकं काम आहे,” शेवटी ते म्हणाले. “इतके स्वच्छ आकडे आमच्याकडेसुद्धा निघत नाहीत. टँटलम आणि ग्राफाइट मी पाठवतो. यंत्र आणखी दोन वर्षं राहू दे इथे. काय, ईश्वरप्पा?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं होतं, आणि माझ्यासाठी खरा आनंदही होता. मायाप्पा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्यालाही आनंद झाला होता.

धारवाडकरांनी मॉलिब्डेनमची चकती उचलली, उन्हाकडे धरली, आणि पुन्हा ओळीत ठेवू लागले.

“थांबा,” मी म्हणाले.

मी चकती त्यांच्या हातून घेतली आणि चिठ्ठी नखाने खरवडून काढली. डिंक चिवट होता. ओला रुमाल चोळावा लागला. मग मी चकती आणि भिंग त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी पाहिलं. वर पाहून विचारलं, “इथे काय होतं?”

“कुंकू.”

मायाप्पाने चहाचा ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला.

“खंडेनवमीचं,” सर हळूच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “मी लावलं होतं. तिने मनाई केली होती.”

धारवाडकर हसले नाहीत. मी त्यांना काजळीची चकती दाखवली, पहिला बार आणि दुसरा बार सांगितला, वाफेचं सांगितलं, झडपेचं सांगितलं. मी सलग एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. ते पुन्हापुन्हा भिंग उचलत होते.

“विचार करण्यासारखं आहे,” ते म्हणाले. “पण दोन चकत्यांवरून मी काही म्हणणार नाही.”

“मीही म्हणत नाही.”

“आणि हे या प्रकल्पात बसत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. झडपेचं काम करायचं तर नवा प्रस्ताव, नवी समिती. मंजूर होईल की नाही, झालं तर कुठे होईल, मी सांगू शकत नाही. यंत्र धातूंच्या कामासाठी दिलंय. धातूंचं काम पुढे चालणार असेल तरच मला ते इथे ठेवता येईल.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “तेव्हा मी काय लिहू? टँटलम पाठवू ना?”

“पाठवा, पाठवा,” सर म्हणाले. “बाकीचं आपण नंतर बघू. नीलांबिका, सांग त्यांना. नंतर बघू.”

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. तो थांबेपर्यंत तिघेही माझ्याकडे बघत राहिले.

“टँटलम पाठवू नका,” मी म्हणाले. “धातूंचं काम संपलंय. एकही धातू टिकत नाही, आणि हे मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. यंत्र घेऊन जा.”